प्लाझ्मापॉज कसा शोधायचा: व्हॅन ॲलन यानांच्या नोंदींतून थंड प्लाझ्माची कड काढण्याची रीत

पृथ्वीच्या चुंबकावरणात सगळ्यात जास्त भरलेला असतो तो थंड प्लाझ्मा, आणि मोजायला सगळ्यात अडचणीचाही तोच. ‘थंड’ हा शब्द सापेक्ष आहे. या कणांची ऊर्जा एक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे तापमान सुमारे ११,६०० केल्विन. पण त्याच जागेत दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे रेडिएशन बेल्टमधले (पृथ्वीभोवती अडकलेल्या वेगवान कणांच्या पट्ट्यांतले) इलेक्ट्रॉन फिरत असतात, त्यांच्यापुढे हा थंडच. तो येतो खालच्या आयनांबरातून, क्षेत्ररेषांवरून वर चढत, आणि पृथ्वीबरोबर फिरत राहतो. या फुगीर वलयाला प्लाझ्मास्फिअर म्हणतात. त्याची बाहेरची कड म्हणजे प्लाझ्मापॉज.

कण मोजणाऱ्या उपकरणावर इथे विसंबता येत नाही. उन्हात असलेल्या यानाच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विरळ भागात यान काही व्होल्ट धन होतं. एक इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन ती टेकडी चढू शकत नाही, बाहेरूनच परततो. दाट भागात उलटं होतं: यान थोडं ऋण होतं आणि आयनांना ओढून घेऊन त्यांची ऊर्जा वाढवून दाखवतं. म्हणून घनता कणांऐवजी लहरींवरून काढायची. प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांची स्वतःची एक कंपनसंख्या (प्लाझ्मा वारंवारता) असते आणि ती फक्त घनतेवर ठरते. यानाच्या विद्युत अँटेनाला तिच्या किंचित वर एक बारीक रेघ दिसते. पुढची सगळी रीत म्हणजे ती रेघ ओळखणं आणि तिचा आकडा बरोबर वाचणं.

इथे नासाच्या व्हॅन ॲलन प्रोब्स या जोडयानांच्या नोंदी घेतल्या आहेत. ३० ऑगस्ट २०१२ ला उडालेली ही याने २०१९ पर्यंत चालली. कक्षा जमिनीपासून सुमारे ६०० किमीपासून पृथ्वीच्या केंद्रापासून ५.८ पृथ्वीत्रिज्यांपर्यंत, आणि एका फेरीला सुमारे ९ तास. म्हणजे एकच यान दिवसात प्लाझ्मापॉज चार-पाच वेळा ओलांडतं. शिकायला याहून सोयीची कक्षा नाही.

काय काय लागेल

साधा लॅपटॉप पुरतो. पायथन, त्यात नमपाय, मॅटप्लॉटलिब आणि सीडीएफ फाइल उघडणारं सीडीएफलिब. फाइली आयोवा विद्यापीठाच्या एमफिसिस (यानांवरचा लहरी आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारा उपकरणसंच) संकेतस्थळावर किंवा नासाच्या सीडीएवेबवर फुकट मिळतात. जोडीतल्या यानांना ए आणि बी म्हणतात; प्रत्येक दिवसासाठी ए यानाच्या या घ्या:

– एचएफआर स्पेक्ट्रा, पातळी २. हा १० ते ५०० किलोहर्ट्झचा विद्युत लहरींचा वर्णपट. ८२ कप्पे, दर ६ सेकंदांना एक ओळ.
– मॅग्नेटोमीटर, पातळी ३, चार सेकंदांची, एसएम निर्देशांकांतली (पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाला धरून मोजलेल्या).
– डब्ल्यूएफआरची कमी वारंवारतेची फाइल, १० हर्ट्झ ते १२ किलोहर्ट्झ. ही शेवटी पडताळणीला.
– घनतेची तयार फाइल, पातळी ४. ही उतरवून ठेवा, पण आत्ता उघडू नका.

शिवाय जर्मनीतल्या पोट्सडामच्या जीएफझेड संस्थेची केपी निर्देशांकाची यादी. केपी म्हणजे दर तीन तासांना दिलेला भूचुंबकीय खळबळीचा ० ते ९ चा आकडा.

सरावाला १६ ते २५ मार्च २०१५ हे दहा दिवस घ्या. १७ मार्चला ०४:४५ यूटीला, म्हणजे आपल्याकडे सकाळी सव्वादहाला, सौरवाऱ्याचा धक्का पृथ्वीवर आदळला आणि त्या सौरचक्रातलं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ सुरू झालं. डीएसटी निर्देशांक (वादळात विषुववृत्ताजवळचं चुंबकीय क्षेत्र किती खाली येतं तो आकडा) उणे २२० नॅनोटेस्लाच्याही खाली गेला, केपी ८ उणे पर्यंत चढला. आदला दिवस, वादळाचा दिवस आणि नंतर आठवडाभर चाललेली भरपाई, तिन्ही एकाच संचात मिळतात.

वेळ आणि जागा आधी सरळ करा

नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे इथेच होतात, आणि ते आलेखात दिसत नाहीत.

या फाइलींमधली वेळ टीटी२००० पद्धतीची असते: १ जानेवारी २००० च्या दुपारी बारापासूनचे नॅनोसेकंद. मध्यरात्रीपासून मोजले तर बारा तासांची चूक होते. ती निदान लगेच कळते, कारण यान भलतीकडेच दिसतं. दुसरी चूक जास्त फसवी आहे. टीटी२००० मध्ये लीप सेकंद धरलेले असतात. हाताने बेरीज-वजाबाकी केली तर मार्च २०१५ साठी सुमारे ६७ सेकंदांचा फरक राहतो. पृथ्वीजवळ यानाचा वेग सेकंदाला ९.८ किमी असतो, तेव्हा ६७ सेकंदांत ते साडेसहाशे किमी पुढे गेलेलं असतं. सीडीएफलिबमधलंच कालरूपांतर वापरा, स्वतःचं लिहू नका.

रिकाम्या जागी उणे दहाचा एकतिसावा घात असा आकडा भरलेला असतो. सरासरी काढण्याआधी तो गाळा. नाही गाळला तर चुंबकीय क्षेत्र अचानक विश्वापेक्षा मोठं निघेल.

आता जागा. मॅग्नेटोमीटरच्या फाइलीत यानाचे एक्स, वाय, झेड निर्देशांक किलोमीटरमध्ये असतात. तिघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून ६३७१ ने भागलं की अंतर पृथ्वीत्रिज्यांत मिळतं. झेड भागिले एकूण अंतर याचा व्यस्त साइन म्हणजे चुंबकीय अक्षांश. मग

एल = अंतर ÷ (अक्षांशाच्या कोसाइनचा वर्ग)

एल म्हणजे यानातून जाणारी क्षेत्ररेषा चुंबकीय विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून किती त्रिज्या दूर जाते तो आकडा. एल ४ म्हणजे चार त्रिज्या. स्थानिक चुंबकीय वेळ (दुपार कुठे, मध्यरात्र कुठे) एक्स आणि वायच्या कोनावरून: कोन अंशांत काढा, १५ ने भागा, १२ मिळवा.

एसएम निर्देशांकांचा आग्रह यासाठी की त्यात झेड अक्ष चुंबकीय अक्षावरच असतो. चुकून भौगोलिक निर्देशांकांची फाइल उतरवली तर अक्षांशात दहा अंशांपर्यंत फरक पडतो आणि काही ठिकाणी एल दहा टक्क्यांनी चुकतो. प्लाझ्मापॉज ४ वर आहे की ४.४ वर, हा फरक मग तुमच्या शोधातून नाही, फाइलीच्या नावातून आलेला असतो.

हा एल कळला की एक शंका आपोआप फिटते. थंड प्लाझ्माचा शोध जमिनीवरूनच लागला होता. विजेच्या कडकडाटातून निघालेल्या रेडिओ लहरी क्षेत्ररेषेवरून दुसऱ्या गोलार्धात जाताना ताणल्या जातात आणि शिट्टीसारख्या ऐकू येतात. त्यावरून १९५३ मध्ये ओवेन स्टोरी यांनी वर इलेक्ट्रॉन असल्याचं दाखवलं. १९६३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन कार्पेंटर यांनी अशाच शिट्ट्यांवरून घनतेतला ‘गुडघा’, म्हणजेच प्लाझ्मापॉज, मांडला. मग अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेजवळ अँटेना लावून हेच करता येणार नाही का? नाही. अलिबागचं चुंबकीय अक्षांश सुमारे १० अंश, म्हणजे एल १.०३. तिथली क्षेत्ररेषा वर जाऊन जाऊन जेमतेम दोनशे किमीपर्यंत जाते आणि परत येते. ती आयनांबरातच संपते, प्लाझ्मापॉजला तिचा स्पर्शही होत नाही. कोकणातून वादळाचा परिणाम मोजता येतो, ही कड मोजता येत नाही.

वर्णपट काढा आणि रेघ ओळखा

आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता, रंगात लहरींची तीव्रता. उभा अक्ष आणि रंग, दोन्ही लॉग प्रमाणात घ्या. रंगाच्या टोकांसाठी ठरावीक आकडे टाकण्यापेक्षा त्या दिवसाच्या मूल्यांतला ५ वा आणि ९९ वा शततमक वापरा. साध्या प्रमाणात काढलेल्या आलेखावर काहीच दिसत नाही आणि माणूस फाइल खराब आहे म्हणून सोडून देतो.

आलेखावर दर नऊ तासांनी एक मोठी ‘यू’ दिसायला हवी. यान पृथ्वीजवळून निघताना रेघ वरून खाली उतरते, लांब गेल्यावर तळाशी रेंगाळते, परतताना पुन्हा चढते. ही अप्पर हायब्रिड रेघ: प्लाझ्मा वारंवारतेत चुंबकीय क्षेत्राचा वाटा मिसळून बनलेली. प्लाझ्मापॉज म्हणजे या उतरणीतला अचानक आलेला कडा.

किती मोठा कडा? एल ५ वर, भरलेल्या प्लाझ्मास्फिअरमध्ये घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे २१५ इलेक्ट्रॉन असते, तेव्हा प्लाझ्मा वारंवारता १३२ किलोहर्ट्झच्या आसपास येते. त्याच एलला बाहेरच्या विरळ भागात घनता १६ च्या घरात आणि वारंवारता ३६. रेघ आलेखाच्या मधून तळाकडे कोसळते, नजर चुकूच शकत नाही.

नजर चुकते ती दुसऱ्या रेघांमुळे. चार भामटे लक्षात ठेवा.

पहिला, यानाचा स्वतःचा आवाज. त्याच्या रेघा अगदी आडव्या, तासन्‌तास एकाच वारंवारतेवर. जी रेघ कक्षेबरोबर हलत नाही ती निसर्गाची नव्हे.

दुसरा, सायक्लोट्रॉनचे अर्धे पाढे. विरळ भागात सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या (इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती सेकंदाला किती गिरक्या घेतो त्या आकड्याच्या) दीडपट, अडीचपट, साडेतीनपट अशा तेजस्वी पट्ट्या दिसतात. एल ५ ला त्या साधारण १०, १७ आणि २४ किलोहर्ट्झवर पडतात, म्हणजे आपली रेघ जिथे शोधायची नेमकं त्याच गल्लीत. उपाय सोपा: मॅग्नेटोमीटरचं एकूण क्षेत्र नॅनोटेस्लात घ्या, ०.०२८ ने गुणा, सायक्लोट्रॉन वारंवारता किलोहर्ट्झमध्ये मिळेल. तिच्या दीडपट, अडीचपट, साडेतीनपट रेषा पांढऱ्या तुटक रंगात आलेखावर ओढा. जी पट्टी या रेषांना तंतोतंत समांतर जाते ती सोडा. मात्र अप्पर हायब्रिड रेघ अशा दोन रेषांच्या मधल्या जागांतून जाताना कमी-जास्त उजळते, त्याने गोंधळू नका.

तिसरा, ध्रुवीय प्रकाशाच्या वरून येणारं किलोमेट्रिक प्रारण. १०० ते ५०० किलोहर्ट्झमध्ये ढगासारखे डाग. दाट प्लाझ्मात ते शिरू शकत नाही, त्यामुळे हा भामटा खरं तर खबऱ्याचं काम करतो: डाग जिथे एकदम कापले जातात तिथे यान प्लाझ्मास्फिअरमध्ये शिरलेलं असतं.

चौथा, अडकलेलं अखंड प्रारण. विरळ भागात कधी रेघ दिसतच नाही. दिसते ती फक्त एका फिकट पसाऱ्याची खालची धार. ती धार प्लाझ्मा वारंवारतेवरच असते, अप्पर हायब्रिडवर नाही. म्हणजे पुढच्या पायरीतली वजाबाकी तिला लावायची नाही. हे विसरणारे विरळ भागाची घनता नेहमी कमी दाखवतात.

रेघ हाताने टिपा. आलेखावर दर पाच मिनिटांनी एक बिंदू, आणि कड्याजवळ दर मिनिटाला. हिशेब असा: एल ४ जवळ यान सेकंदाला साधारण २.४ किमी बाहेर सरकतं, म्हणजे पाच मिनिटांत ०.११ त्रिज्या. कड तेवढीच बारीक असू शकते. मग दोन बिंदूंच्या मधल्या प्रत्येक ओळीत, अपेक्षित जागेच्या वर-खाली तीन-तीन कप्प्यांत सगळ्यात तेजस्वी कप्पा संगणकाला शोधू द्या. पूर्ण ८२ कप्प्यांत शोधायला सोडलंत तर तो भामट्यांच्याच मागे लागेल. पहिले दहा दिवस हातानेच करावेत, कंटाळवाणं असलं तरी. त्याशिवाय पुढे कुठल्याही स्वयंचलित पद्धतीची चूक ओळखता येत नाही.

रेघेवरून घनता

दोन ओळींचं गणित:

प्लाझ्मा वारंवारतेचा वर्ग = अप्पर हायब्रिडचा वर्ग − सायक्लोट्रॉनचा वर्ग
घनता = (प्लाझ्मा वारंवारता ÷ ८.९८) चा वर्ग

वारंवारता किलोहर्ट्झमध्ये, घनता दर घनसेंटीमीटरला.

एल ३ वर रेघ ३०० किलोहर्ट्झला दिसली असं धरा. तिथे विषुववृत्तावर क्षेत्र सुमारे ११५० नॅनोटेस्ला, सायक्लोट्रॉन वारंवारता ३२. वर्ग वजा केले की प्लाझ्मा वारंवारता २९८.३ येते आणि घनता सुमारे ११००. भरलेल्या प्लाझ्मास्फिअरचं कार्पेंटर-अँडरसन यांचं १९९२ चं सूत्र (घनतेचा लॉग = ३.९०४३ − ०.३१४५ × एल) इथे ९१४ देतं. जवळपास आलात, म्हणजे रेघ बरोबर आहे. तुमचा आकडा ९० किंवा ९,००० आला तर सूत्राकडे नाही, आलेखाकडे परत जा.

वजाबाकी करायचा कंटाळा करू नये, पण ती कुठे किती महत्त्वाची ते माहीत असावं. एल ३ वर तिने जेमतेम एक टक्का फरक पडतो. एल ५ ला घनता २ इतकी खाली गेली असेल तर अप्पर हायब्रिड १४.५ आणि सायक्लोट्रॉन ६.९ असे आकडे येतात, आणि वजाबाकी न करता घनता ३० टक्के जास्त निघते.

अचूकतेची मर्यादा कप्प्यांच्या रुंदीत आहे. शेजारच्या दोन कप्प्यांत सुमारे ५ टक्के अंतर आहे. घनता वर्गाने जाते, म्हणून तिच्यात १० टक्के. घनतेचा आकडा ११०३.४ असा लिहिणं हा निव्वळ देखावा. ११०० लिहा.

वरची मर्यादा ५०० किलोहर्ट्झ, म्हणजे घनता ३१००. त्याहून दाट भागात, पृथ्वीच्या अगदी जवळ, रेघ आलेखाच्या माथ्यावरून निघून जाते. तिथे शेवटचा कप्पा रेघ म्हणून टिपू नका. जागा रिकामी ठेवा.

आणखी एक दुरुस्ती. यान विषुववृत्तापासून २० अंशांपर्यंत वर-खाली असतं आणि क्षेत्ररेषेवर वर चढलं की घनता थोडी वाढते. विषुववृत्तावरची घनता हवी असेल तर मोजलेल्या घनतेला अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गाने गुणा. विरळ भागात त्या वर्गाचा अडीचावा घात घ्या. २० अंशांवर पहिल्या प्रकारात १२ टक्के, दुसऱ्यात २७ टक्के कमी होते. नुसती कड शोधायची असेल तर ही पायरी वगळली तरी चालते.

कड ठरवणं

घनता उभ्या लॉग अक्षावर, एल आडव्यावर, कक्षेचा जाण्याचा आणि येण्याचा भाग वेगळ्या रंगात. रूढ कसोटी अशी: अर्ध्या एलच्या आत घनता पाच पटींनी किंवा जास्त घसरली तर ती प्लाझ्मापॉज. वर दिलेल्या वेगाने अर्धा एल ओलांडायला एल ४ जवळ सुमारे २२ मिनिटं लागतात, म्हणजे सव्वादोनशे ओळी. तेवढ्या ओळींची खिडकी आतून बाहेर सरकवत न्या आणि पहिली पाचपट घसरण जिथे सुरू होते तो एल लिहा.

प्रत्येक फेरीत कड सापडेलच असं नाही. शांत काळात प्लाझ्मापॉज यानाच्या ५.८ च्या टोकापलीकडे असू शकते. तेव्हा ‘सापडली नाही’ न लिहिता ‘५.८ च्या पुढे’ लिहा. दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे आणि नंतर सरासरी काढताना तोच नडतो. कधी घनता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते, एकही पायरी पाचपट नाही. ही वादळानंतर भरपाई चालू असल्याची खूण आहे. तिथे कसोटी ताणून कड बसवू नका, ‘उतार’ अशी नोंद करा.

आता केपीशी ताळा. कार्पेंटर-अँडरसन यांचंच सूत्र:

प्लाझ्मापॉजचा एल = ५.६ − ०.४६ × (मागच्या २४ तासांतला सगळ्यात मोठा केपी)

८ उणे म्हणजे ७.६७. उत्तर २.०७. केपी १ च्या वर गेलाच नसेल तर ५.१४. यादीतले ‘८ उणे’, ‘७ अधिक’ हे अनुक्रमे ७.६७ आणि ७.३३ असे वाचायचे. चिन्ह गाळून ८ आणि ७ वाचले तर एक तृतीयांशाचा फरक पूर्ण एकाचा होतो. हे सूत्र मध्यरात्रीपासून दुपारी तीनपर्यंतच्या चुंबकीय वेळेसाठी बनवलेलं आहे. सकाळ-दुपारच्या भागात शेवटचे एक ते तीन केपी वगळायचे असतात, कारण कडेची झीज रात्रीच्या बाजूला होते आणि ती वळून दुपारपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. संध्याकाळच्या बाजूला सूत्र लावूच नका. तिथे फुगवटा असतो.

सूत्र आणि तुमचा आकडा यांत अर्ध्या एलचा फरक नेहमीचा. वादळाच्या पहिल्या काही तासांत तर जास्तच, कारण सूत्र २४ तासांतला मोठा आकडा धरून लगेच कड आत ओढतं. निसर्गाला वेळ लागतो.

कड का हलते

ओढाताण दोघांची आहे. पृथ्वी आपल्या क्षेत्ररेषांसकट थंड प्लाझ्माला फिरवते; त्याचं विद्युत विभव सुमारे ९२ किलोव्होल्ट भागिले एल. दुसरीकडे सौरवारा चुंबकावरणावर पहाट-संध्याकाळ असं विद्युत क्षेत्र लादतो आणि प्लाझ्माला सूर्याच्या दिशेने ढकलतो. संध्याकाळच्या बाजूला या दोघांची दिशा उलट येते, तेव्हा एका ठिकाणी बरोबरी होते:

बरोबरीचा एल = वर्गमूळ (९२ ÷ (क्षेत्र × ६.३७))

क्षेत्र दर मीटरला मिलिव्होल्टमध्ये. शांत काळात ०.२ धरलं तर ८.५. वादळात १ धरलं तर ३.८. याच्या आतला प्लाझ्मा फिरत राहतो, बाहेरचा निसटतो. याच साध्या चित्रात मध्यरात्री कड बरोबरीच्या निम्म्या अंतरावर येते, म्हणजे वादळात १.९. प्रत्यक्षात आतल्या भागात लादलेलं क्षेत्र अडवलं जातं, म्हणून हे चित्र कड जरा जास्तच आत दाखवतं. अंदाजाला पुरेसं आहे, शोधनिबंधाला नाही.

निसटलेला प्लाझ्मा शेपटीसारखा दुपार-संध्याकाळच्या बाजूने सूर्याकडे ताणला जातो. तो प्लूम. तुमच्या आलेखावर असा दिसेल: कडा कोसळला, रेघ तळाशी गेली, आणि मग बाहेरच पुन्हा वर उठली. यान माघारी वळलेलं नाही ना एवढं एल पाहून खात्री करा. प्लूम चुंबकावरणाच्या दिवसाकडच्या सीमेपर्यंत पोहोचला की तिथलं वस्तुमान वाढतं, आल्फव्हेन वेग (प्लाझ्मातल्या चुंबकीय लहरींचा वेग) घटतो आणि सौरवाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राशी होणारी जोडणी मंदावते. १७ जानेवारी २०१३ च्या वादळात हे जीपीएसच्या जमिनीवरच्या नोंदी आणि नासाची थेमिस याने यांच्याकडून एकाच वेळी पाहिलं गेलं. वादळाने उपटलेला प्लाझ्मा त्या वादळाच्याच दारात जाऊन बसतो, असा हा प्रकार.

१८ मार्चपासून रोजचे आलेख एकाखाली एक लावा. आतले एल आधी भरतात: एल ३ च्या आत एक-दोन दिवसांत, एल ४ ला आठवडाभर. मध्येच केपी चढला की बाहेरची भरपाई पुन्हा पुसली जाते. म्हणून एल ५ पूर्ण भरलेला क्वचितच सापडतो.

डब्ल्यूएफआरने पडताळणी

कड खरी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे आवाज, म्हणजे कमी वारंवारतेच्या लहरी, वेगळे असतात. आत १०० हर्ट्झ ते दोन-एक किलोहर्ट्झमध्ये पसरलेला, खडबडीतपणा नसलेला हिस. बाहेर कोरस, सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या ०.१ ते ०.८ पट, आणि बरोबर निम्म्यावर एक रिकामी फट. एल ५ ला ती फट साडेतीन किलोहर्ट्झच्या जवळ. कमी वारंवारतेच्या आलेखावर तुमची कड उभ्या रेषेने ओढा. हिस तिथे थांबत असेल तर काम झालं. हिस पुढे वीस मिनिटं चालूच असेल तर एक तर तो प्लूममधला हिस आहे, नाहीतर तुम्ही कड आत धरली आहे.

हा बदल रेडिएशन बेल्टचंही नशीब ठरवतो. हिस वेगवान इलेक्ट्रॉनांना हळूहळू वातावरणात पाडतो. दोन बेल्टमधली पोकळी बहुतांशी त्याचीच करणी. कोरस उलट त्यांना वेग देऊ शकतो, आणि त्याची ताकद प्लाझ्मा व सायक्लोट्रॉन वारंवारतांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. तुमच्याकडे दोन्ही आकडे आहेतच, भागाकार करून तिसरी रेषा काढा. एल ५ ला भरलेल्या भागात गुणोत्तर १९, विरळ भागात ५ च्या आसपास. ते जितकं खाली, तितकं इलेक्ट्रॉनांना वेग देणं सोपं.

आता पातळी ४ ची फाइल उघडा आणि तुमची घनता तिच्यावर ठेवा. दोघांत १०-१५ टक्के फरक असेल तर कप्प्याच्या रुंदीत बसतो, सोडून द्या. दुप्पट-तिप्पट फरक ठरावीक एलच्या बाहेरच येत असेल तर तुम्ही अर्ध्या पाढ्यांतली पट्टी धरली आहे, किंवा त्या फाइलीने धरली आहे. पांढऱ्या तुटक रेषा पाहून ठरवा. फरक सगळीकडे सारखाच, थोडा आडवा सरकल्यासारखा असेल तर घनता सोडा, वेळ तपासा: ६७ सेकंद. एवढं जमलं की ए यानाच्याच दहा दिवसांसाठी बी यानाच्या फाइली घ्या. ते त्याच कक्षेत मागे-पुढे असतं, त्यामुळे एकाच एलवरून दोन याने काही तासांच्या फरकाने जातात. १७ मार्चच्या संध्याकाळी दोघांनी टिपलेल्या कडा शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक मधल्या तासांनी भागला की झिजेचा वेग थेट हातात येतो. फक्त दोघांची चुंबकीय वेळ तासाभराच्या आत जुळते का ते आधी पाहा, नाहीतर झीज म्हणून फुगवटा मोजला जाईल.